पितळखोऱ्याच्या लेण्यातली दुपार

नाना, म्हणजे माझे वडील, जन्मभर असोद्यात केळी पिकवत आले. वयाची बहात्तर वर्षं उलटल्यावर त्यांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. त्यानंतर वर्षभरानं, मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्यांनी मला जळगावला फोन केला. मी शाळेच्या ऑफिसात होते.

"मले पितळखोऱ्याले ने," ते म्हणाले.

पितळखोऱ्याची लेणी आम्हा भावंडांना न पाहताच पाठ होती. लग्नाआधी एक हिवाळा नाना तिथं कामाला होते. लेण्यांची डागडुजी चालली होती आणि दगड वाहायला, पायऱ्या बसवायला गावोगावची तरणी माणसं नेली होती. लहानपणी जेवताना ते सांगायचे, "तठी देऊळ हाये, पण देव नही. मधात नुसती दगडाची कणगी हाये." धान्य भरायची कणगी आमच्या घरात होती, त्यामुळे ते देऊळ मला अगदी डोळ्यांपुढे दिसायचं. पुढे शाळेत शिकल्यावर मी त्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं की त्याला स्तूप म्हणतात, आणि त्या देवळाला चैत्य. ते म्हणाले, "आसन," म्हणजे असेल.

भावानं साफ नाही म्हटलं. त्या पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या, वाटेत काही झालं तर डोंगरात डॉक्टर कुठला, असं त्याचं म्हणणं. त्याचं चुकत नव्हतं. मलाही भीती वाटत होतीच. पण आई गेल्यापासून नानांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं, म्हणून मी भावाला न सांगता एका रविवारी पहाटे गाडी काढली.

चाळीसगाव येईपर्यंत मी दर अर्ध्या तासानं त्यांच्या छातीकडे बघत होते. जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या पर्समध्ये होती आणि ती आहे ना, हे मी घाटात गाडी थांबवून दोनदा पाहिलं. नाना खिडकीची काच खाली करून, गळ्यातलं उपरणं कानाला गुंडाळून, गार वारा खात बसले होते. घाट चढून आम्ही उजवीकडे वळलो. मग जंगलातला रस्ता लागला, आणि तो जिथं संपला तिथं एक चौकी होती. शेजारी एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यात एक गृहस्थ पाय पसरून पेपर वाचत होते.

चौकीदारानं वहीत नावं लिहून घेतली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, सेंट-अत्तर काही लावलंय?"

मी नाही म्हटलं.

"खाली आग्या मोहोळं आहेत. तीन. चैत्याच्या वरच्या कड्याला. तुम्ही काही केलं नाही तर माशाही काही करत नाहीत. फक्त मोठ्यानं बोलू नका."

मी तिथंच थांबले. नानांना म्हणाले की वरूनच बघू, वरूनही दिसत असेल. तोवर ते चार पायऱ्या उतरले होते. मी गाडीतली जाड सोलापुरी चादर उचलली, त्यांना बसायला होईल म्हणून, आणि मागोमाग गेले.

दरी खोल आणि अरुंद आहे. एका बाजूचा काळा कडा पुढे झुकलेला, आणि त्या झुकलेल्या कड्याच्या पोटात लेणी. खाली ओढ्यात थोडं हिरवं पाणी साचलेलं. नाना एक एक पायरी न्याहाळत उतरत होते. एका वळणावर ते थांबले, वहाण काढली आणि अनवाणी पायानं पायरी चाचपून म्हणाले, "ही माही." मग पुढच्या दोनही त्यांच्याच निघाल्या. त्या खरंच त्यांच्या होत्या का कुणास ठाऊक. मी मान वर करून मोहोळं बघत होते. सुपाएवढी तीन, काळपट, कड्याला चिकटून लोंबत होती. मधूनच एखाद्या मोहोळावरून थरथर पळायची, जनावराच्या पाठीवरची कातडी हलते तशी.

चैत्याचा दर्शनी भाग केव्हाच कोसळलेला. त्यामुळे आतलं सगळं उघडं पडलंय: दोन बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांवर पुसट रंगातल्या बुद्धाच्या आकृती, आणि शेवटी स्तूप. त्याचा बराचसा भाग पडून गेलाय. तरीही इतक्या वर्षांनी तो बघून नानांचे ओठ हलले. त्याच्यासमोर पांढऱ्या साडीतली एक बाई मांडी घालून बसली होती आणि हलक्या आवाजात वंदना म्हणत होती. तिचं म्हणून होईपर्यंत आम्ही खांबापाशी उभे राहिलो.

बाई पंचावन्नच्या आसपासची असेल. शिंदखेड्याची होती. वर गाडीत पेपर वाचत बसलेला तिचा भाऊ होता; गुडघे दुखतात म्हणून तो उतरला नव्हता. तिची आई दोन महिन्यांपूर्वी वारली होती. आईला इथं यायचं होतं आणि ते राहून गेलं, म्हणून ती आली होती.

नानांनी तिला सांगितलं की ते इथं कामाला होते आणि तेव्हा सगळे मजूर ह्याला कणगी म्हणायचे. मग त्यांना वाटलं, बाईला राग येईल. ते म्हणाले, "आमी अडानी मानसं. तुमचा देव हाये, चुकलं आसन तं माफी करजा."

ती हसली. "कणगीच शे, नाना. मानूस मरी जास, राख ऱ्हास. ती ठेवानी कणगी."

थोड्या वेळानं तिनं नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली आणि ती पायऱ्यांकडे निघाली. जाताना मला म्हणाली, "नानाले सावकाश चढाड, बहिन."

ती गेल्यावर नाना स्तूपाला हात टेकून उभे होते. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. बाटलीचं झाकण लावताना मला दुरून कापसाच्या जिनिंगचं मशीन सुरू झाल्यासारखा आवाज आला. या डोंगरात जिनिंग कुठलं, एवढा विचार करून होतो न होतो तोच नानांचा हात माझ्या मानेवर पडला आणि त्यांनी मला खाली दाबलं.

"घारीनं मोहोळ फोडलं," ते म्हणाले. "हालू नको. मारू नको."

मी तिरपी मान करून बाहेर पाहिलं. एक मोठा तपकिरी पक्षी कड्यापासून दूर जात होता, आणि त्याच्यामागे हवाच काळी झाली होती. पहिला दंश माझ्या कानामागे बसला. किंचाळायला तोंड उघडलं तर नानांनी तोंडावर हात ठेवला. शेजारीच विहार आहे, भिक्खूंच्या राहायच्या खोल्यांचा. नानांना त्याची वाट माहीत होती. चादर डोक्यावर घेऊन आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत तिकडे गेलो आणि आतल्या एका खोलीत शिरलो. खोली म्हणजे कातळातला अंधारा चौकोन, एक माणूस झोपेल एवढी. नानांनी मला भिंतीशी सारलं, स्वतः दाराच्या बाजूला बसले आणि चादरीच्या कडा आमच्या पायांखाली खोचल्या.

चादरीखाली गरम होत होतं आणि दिसत काहीच नव्हतं. फक्त आवाज. आधी तो बाहेर होता, मग खोलीत आला, मग चादरीवर. माशा कापडावर बसत होत्या आणि मला प्रत्येकीचं वजन कळत होतं. मी फोन काढला. रेंज नव्हती. स्क्रीनच्या उजेडात नानांचा चेहरा दिसला. भुवईवर एक काटा रुतलेला होता, तो त्यांनी नखानं खरवडून काढला आणि मला फोन बंद करायला खूण केली.

तेवढ्यात बाई ओरडली.

पहिली नुसती किंकाळी होती. मग शब्द आले. "कोनी शे का? वं माय, कोनी शे का?" मग तिनं भावाला हाक मारली. मग पुन्हा आम्हाला. आवाज पायऱ्यांच्या पायथ्याकडून येत होता. चढताना ती पडली असावी आणि पाय मोडला किंवा मुरगळला असावा, हे ती एकाच जागेवरून ओरडत होती यावरून कळत होतं. आमच्यापासून ती फार तर पन्नास पावलांवर असेल.

मी श्वास रोखून बसले. मनात एकच गोष्ट चालली होती, की ती गप्प झाली तर बरं. हे मी आज लिहिताना सौम्य करणार नाही. तिचं दुखणं थांबावं म्हणून मला तसं वाटत नव्हतं. ती ओरडत होती तोवर कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून वाटत होतं.

नाना म्हणाले, "तिले आत आना लागीन."

"तिचा भाऊ आहे वर," मी म्हणाले. "तो येईल."

"त्याचे गुडघे गेलेले हायेत."

"चौकीदार आहे."

 बाईची हाक पुन्हा आली. या वेळी तिच्या शब्दांमध्ये फट पडत होती, जशी धाप लागल्यावर पडते. नाना हालले. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "नाना, तुमचं हृदय. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तुम्हाला काही झालं तर मी घरी काय सांगू?" हे सगळं खरं होतं आणि तरीही मी ते माझ्यासाठी बोलत होते. त्यांनी मनगट सोडवून घेतलं. चादरीचं एक टोक त्यांनी ओढलं. मी ते सोडलं नाही.

त्यांनी पुन्हा ओढलं, हलकेच. मी मुठी घट्ट केल्या.

मग त्यांनी चादर सोडून दिली, गळ्यातलं उपरणं डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलं, सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या आणि ते रांगत दाराबाहेर गेले.

मी एकटी राहिले. त्या खोलीत मी किती वेळ होते ते मला सांगता येत नाही. फार नसेल. चादर मी अंगाभोवती इतकी आवळली होती की नंतर बोटं सरळ होईनात. बाहेर नानांचा आवाज आला, "आलो, माय, आलो." मग बाईचं रडणं. मग काहीतरी घासत ओढल्याचा आवाज, आणि मग माशांच्या घोंगावण्याशिवाय काहीही नाही. मी नानांना हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. त्या अंधारात माझ्या डोक्यात एकदम स्पष्ट चित्र आलं की ते दोघं बाहेर उन्हात पडलेत, आणि मी इथं तशीच बसून आहे, आणि संध्याकाळी कुणीतरी येऊन माझ्या डोक्यावरून ही चादर काढतंय.

मी बाहेर गेले. याला धाडस म्हणता येणार नाही. त्या खोलीत एकटं बसण्याची भीती बाहेरच्या भीतीहून मोठी झाली, एवढंच.

नाना चैत्याच्या अलीकडे दगडांत बसले होते. बाईच्या काखेत हात घालून तिला मागे मागे ओढत त्यांनी तिथवर आणलं होतं आणि आता त्यांची ताकद संपली होती. तिच्या तोंडावर त्यांनी स्वतःचं उपरणं टाकलं होतं. त्यांचं टक्कल माशांनी भरलं होतं. मी धावले, चादर तिघांवर टाकली आणि बाईची दुसरी काख धरली. आम्ही तिला कसं आत नेलं ते आठवत नाही. उंबऱ्याच्या दगडावर माझी नडगी फुटली होती, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

मग तिघं एका चादरीखाली. बाईचे डोळे सुजून बंद झाले होते. ती थरथरत होती. नाना अंदाजानं तिच्या हातांवरचे काटे खरवडत होते आणि मला सांगत होते, "चिमटीत धरू नको, काट्याचं ईख आत जाते." मी त्यांच्या डोक्यावरचे काढत होते. काढता काढता माझ्या लक्षात आलं की त्यांचा श्वास आखूड झालाय. मी गोळीसाठी पर्स शोधली. पर्स चैत्यात राहिली होती.

आता मला माशांची भीती उरली नव्हती. मी त्यांच्या पाठीला कान लावून बसले. ठोका पडायचा, मग थोडा वेळ जायचा, मग पडायचा. प्रत्येक मधल्या वेळात मी काय कबूल केलं आणि कुणाला, ते मला सांगता येणार नाही. नाना म्हणाले, "बाई, तुमी मघा म्हनत व्हत्या ते म्हना."

ती सुजल्या ओठांनी वंदना म्हणू लागली. शब्द धड उमटत नव्हते. मधेच ती थांबायची, मग नाना म्हणायचे, "म्हना." दगडाच्या त्या खोलीत तिचा आवाज भिंतींना लागून परत येत होता आणि नानांचा श्वास हळूहळू त्याच्या बरोबरीनं चालू लागला. तो लांबला असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

उन्हाची तिरीप दारातून सरकत भिंतीवर गेली तेव्हा धुराचा वास आला. चौकीदार ओली गोणपाटं आणि कडुलिंबाचा पाला घेऊन, जंगल खात्याची दोन माणसं बरोबर घेऊन उतरला होता. रेंज मिळेपर्यंत त्याला बरंच लांब पळावं लागलं होतं. बाईच्या भावानं दोनदा उतरायचा प्रयत्न केला होता आणि दोन्हीदा माशांनी त्याला परतवलं होतं. त्याचाही चेहरा ओळखू येत नव्हता. चौकीदारानं आमच्यावर ओली गोणपाटं टाकली आणि म्हणाला, "आता चालायचं. थांबायचं नाही." बाईला त्या दोघांनी खुर्चीसारखं हातांवर उचललं. नाना माझ्या खांद्याचा आधार घेऊन स्वतःच्या पायांनी चढले. मधे चार ठिकाणी बसले. मी त्यांना उठवताना प्रत्येक वेळी वाटत होतं की आता ते उठणार नाहीत.

चाळीसगावला दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांचं बीपी फार खाली गेलं होतं. डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं आणि रात्र काढू द्या म्हणाले. बाईच्या पायाचं हाड मोडलं होतं. तिला प्लॅस्टर करून शेजारच्याच वॉर्डात ठेवलं. माझ्या अंगावर नऊ दंश निघाले. नर्सनं नानांचे मोजायला घेतले आणि मधेच सोडून दिले.

भाऊ रात्रीच आला. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पुढे महिनाभरही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी नानांच्या डोळ्यांची सूज उतरली. भाऊ चहा आणायला गेलेला बघून मी म्हणाले, "नाना, मी चादर सोडली नाही."

"कोनची चादर?"

"तुम्ही ओढली तेव्हा."

 मग दाराकडे बघून, कुणी नाही याची खात्री करून म्हणाले, "माह्यं धोतर वलं झालं व्हतं पोरी. तठी, पायऱ्यांपाशी. तुले काय वाटलं, म्या भ्यालो नही?" आणि थोड्या वेळानं, "भावाले सांगू नको."

गावात मात्र ते वेगळंच सांगतात. पारावर, लग्नात, भेटायला आलेल्या प्रत्येकाला. "आमी दोघायनं आनलं तिले. म्या एकीकून धरलं, हिनं एकीकून." लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी एकदाही त्यांना अडवलं नाही. पहिल्यांदा अडवायला तोंड उघडलं होतं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

चैत्रात ती बाई भावाबरोबर असोद्याला आली. पाय बरा झाला होता, थोडी लंगडत होती. तिनं नानांसाठी धोतर आणि माझ्यासाठी साडी आणली होती. नानांनी तिच्यासमोरही तीच गोष्ट सांगितली, तशीच. ती ऐकत राहिली. मान हलवत राहिली. मग नाना तिच्या भावाला मळा दाखवायला घेऊन गेले आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. मी चहा गाळत होते.

ती म्हणाली, "मन्ह्या हाका तुले ऐकू येल व्हत्यात का?"

मी गाळणी खाली ठेवली. तिच्याकडे बघवत नव्हतं, तरी पाहिलं.

"हो अक्का," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

 तिनं कप उचलला, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत हळूहळू प्यायली. मग विचारलं, नाना गोळ्या वेळेवर घेतात का. मी म्हणाले, घेतात. निघताना तिनं मला स्वतःचा फोन नंबर दिला आणि नाना ज्या दिवशी दवाखान्यात तपासायला जातील त्या दिवशी कळवायला सांगितलं. मी कळवते. ती दर वेळी फोन उचलते, आणि नानांचा ईसीजी कसा निघाला ते सगळं विचारून घेते. त्या दुपारबद्दल तिनं पुन्हा काही विचारलेलं नाही. तरी तिचा नंबर लावण्याआधी मी दर वेळी खोलीचं दार लावून घेते.